काळजाचंही बघ, विठोबा

विठोबा, इतकी वर्षं तुझ्याकडे एकच मागत आले: पोरं हाताशी येईपर्यंत जगू दे. ते तू दिलंस. २००४ साली सरकारनं एचआयव्हीवरची एआरटीची औषधं फुकट द्यायला सुरुवात केली, म्हणून मी तगले. धनी त्याआधीच गेले. त्याचा जाब तुला विचारायचाय, पण आज नाही.

आज मागणं वेगळं आहे. पन्नाशी उलटली. व्हायरल लोड सापडत नाही, सीडी-फोर चांगला आहे, असं सेंटरवरच्या ताई सांगतात. पण विषाणू दबला तरी अंगातली धग पुरती विझत नाही, रक्तवाहिन्या आतून खराब होत राहतात. आमच्यासारख्यांना हार्ट अटॅकचा धोका इतरांच्या दीडपट ते दुप्पट, म्हणे. एवढं करून वाचवलंस ते यासाठी का रे?

हे गोळ्यांमुळेच होतं की काय, या भीतीपोटी एआरटी सोडावी, तर तो मार्गही बंद. गोळ्या मधूनमधून थांबवून पाहिल्या तेव्हा हृदयाचे त्रास वाढलेच, हे २००६ मध्येच एका अभ्यासात दिसलं. उलट २०२३ मध्ये चांगली बातमी आली. बारा देशांतल्या, त्यात आपल्याही, एचआयव्ही असलेल्या ७,७६९ जणांवर अभ्यास झाला. धोका फार नाही अशांनाच रोज पिटाव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची गोळी दिली, तर हार्ट अटॅक, पक्षाघात असे मोठे आघात ३५ टक्क्यांनी कमी झाले. ती मला चालेल का, हे डॉक्टर ठरवतील. गर्दीतून माझं बीपी, साखर, कोलेस्टेरॉल बघायला त्यांना चार मिनिटं मिळू देत, एवढं तू कर.

रात्री-अपरात्री छातीत कळ आलीच, तर ड्युटीवरच्या डॉक्टरनं फाईल वाचून मला बाकावर ताटकळत ठेवू नये. आधी ईसीजी काढावा. भेदभाव करू नका असं २०१७ चा कायदा सांगतो. पण कायदा काय रात्री दोनला वॉर्डात उभा असतो?

मशेरीचा डबा फेकायचं बळ दे. तंबाखू काळजाला भोवते, ठाऊक असून सकाळी बोट डब्यात जातंच.

आणि हृदयाच्या डॉक्टरपुढे माझ्या सगळ्या गोळ्यांची नावं घ्यायची हिंमत दे. एआरटीच्या काही गोळ्यांशी कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्या जुळत नाहीत. लपवलं तर जिवावर बेतेल. सून सोबत येते रे. तिला अजून काही माहीत नाही.