श्वाससुद्धा हळुवार



ज्ञानेश्वरी, अध्याय तेरावा. काल अमानित्व आणि अदंभित्व झालं, आज अहिंसा. गीतेत या लक्षणाच्या वाट्याला एकच शब्द आलाय. माउलींनी मात्र तिथे मुक्कामच ठोकलाय, शंभरेक ओव्यांचा. सकाळी एका बैठकीत वाचायचं ठरवलं होतं, चहा दोनदा गार झाला.

माउलींचा अहिंसक माणूस आपल्याला आधी चालताना दिसतो. पाण्यावरची लहर मोडू नये असा बगळा पाऊल टाकतो, केसर चुरगळेल म्हणून भुंगा कमळावर बेताने पाय ठेवतो, तसं त्याचं चालणं. मग त्याचं बोलणं येतं. आधी माया पाझरते, शब्द मागून. आणि तिथेच ओघात माउली सांगून जातात की त्याचा श्वाससुद्धा सुकुमार असतो.

२०२० पर्यंत मी हे निव्वळ काव्य म्हणून वाचायचो. श्वासाने कुणाला काय इजा होणार?

आठवतंय ना? २२ मार्चला संध्याकाळी पाचला थाळ्या वाजल्या, मग लोकल थांबली. आषाढीला संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या. लालबागच्या राजाची मूर्ती त्या वर्षी बसली नाही, त्याऐवजी आरोग्योत्सव झाला, रक्तदान आणि प्लाझ्मादान झालं. देवळं उघडली ती थेट दिवाळीच्या पाडव्याला, १६ नोव्हेंबरला, आणि उघडल्यावरही तीर्थ-प्रसाद नाही. आमचा हरिपाठ मोबाईलवर चालायचा. प्रत्येकाचा टाळ आपापल्या नेटवर्कप्रमाणे!

आणि मास्क. इथे मला पुन्हा तो बगळा आठवतो. त्याचं पाऊल हळुवार असतं खरं, पण नजर माशावर असते. माउलींनी तेही लपवलेलं नाही. आमचा मास्क बरेच दिवस तसाच होता. नजर दोनशे रुपयांच्या पावतीवर. मार्शल दिसला की नाकावर, वळला की हनुवटीवर. समोरच्याला आपल्यामुळे त्रास होऊ नये, हा विचार त्यात किती होता, हे ज्याने त्याने आपल्या मनाला विचारावं. मी विचारलं, उत्तर फार चांगलं आलं नाही.

कारण आमच्या चाळीतल्या एक मावशी. क्वारंटाइन सेंटरमधून बऱ्या होऊन, कागद हातात घेऊन परत आल्या, तेव्हा अख्ख्या मजल्याची दारं बंद होती. ज्या गॅलरीत आम्ही थाळ्या वाजवल्या तीच गॅलरी. मीही दार लावून घेतलं, आणि कडी हळू सरकवली, त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून. हळुवारपणा असाही असतो!

आईने थोड्या वेळाने ती कडी काढली. डबा भरला, मावशींच्या दाराशी ठेवला, दार वाजवलं आणि सहा फूट मागे येऊन उभी राहिली. मावशींनी डबा उचलेपर्यंत आणि नंतरही, पंधरा-वीस मिनिटं तिथूनच बोलत राहिली. आमटीत मीठ कमी आहे, असलं काहीतरी. अंतर तिनेही तेवढंच राखलं होतं.

आईला हे कुठून आलं ते मला माहीत आहे. आम्ही शिवडीचे. शिवडीत राहतो म्हटलं की मुंबईतली जुनी माणसं अजूनही क्षणभर थांबतात, कारण त्यांच्या डोक्यात आधी टीबी हॉस्पिटल येतं, खाडीवरचे फ्लेमिंगो नंतर. मामाला टीबी झाला तेव्हा त्याचं ताट-वाटी वेगळी झाली. औषधाचा कोर्स पुरा झाला, डॉक्टरांनी बरा झालास म्हणून सांगितलं, तरी काही घरांत ते ताट वेगळंच राहिलं. पुढे तो त्या घरांत पाणीसुद्धा मागायचा नाही. आईने भावाचं ते बघितलं होतं.

कोरोनाआधी आमच्या बसस्टॉपवर तोंडाला मास्क लावलेला माणूस दिसला की लोक ओळखायचे आणि जरा सरकायचे. मग दोन वर्षं सगळी मुंबईच मास्कमध्ये. कोण आजारी, कोण धडधाकट, काही कळायचं नाही. २०२२च्या गुढीपाडव्याला सक्ती उठली आणि चेहरे परत आले. हात धुणंही हळूहळू सैल झालं, रस्त्यावर थुंकणं तर जोरात परत आलं. आणि मास्कवाला माणूस पुन्हा एकटा पडला.

गेल्या आठवड्यात शिवडीहून पनवेल लोकल पकडली. एक मुलगी माझ्याबरोबरच चढली, विशी-बाविशीची, मास्क लावलेला, हातात फाईल. ती बसली तशी शेजारची बाई उठून दाराशी गेली. जागा रिकामी राहिली. मी बसलो, पण खरं सांगतो, तेराव्या अध्यायामुळे नाही, आईचं ते गॅलरीतलं उभं राहणं आठवलं म्हणून. आणि बसल्यावर मान खिडकीकडे वळवलीच.

वडाळा येण्याआधी तिला खोकला आला. मास्क होताच, तरी तिने पूर्ण पाठ फिरवली, कोपरात तोंड दाबलं आणि उबळ जाईपर्यंत तशीच वाकून राहिली. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाली, "सॉरी काका."

मी काहीतरी पुटपुटलो. नीट उत्तर घरी आल्यावर सुचलं, तोवर उशीर झाला होता.

उद्या पुढचं लक्षण, क्षांती. रामकृष्णहरी.