दोन कंठ, एक सूर

सॅन फ्रान्सिस्कोचा ‘चँटिक्लिअर’ हा व्यावसायिक पुरुष-गायकवृंद लुई बोट्टो यांनी १९७८ मध्ये स्थापन केला. त्यात बायकांच्या पट्टीतले वरचे सूरही पुरुषच गातात. असा वृंद पाहुणा म्हणून येऊन मुलांच्या वृंदासोबत उभा राहतो, तेव्हा एकच उंच स्वर दोन तऱ्हांनी उमटतो. मुलगा तो सहज लावतो, कारण त्याचे स्वरतंतू अजून आखूड असतात. पुरुषाचे स्वरतंतू लांब आणि जाड. तो त्यांच्या केवळ कडा कंपित करून, वर्षानुवर्षांच्या रियाजाने तिथे पोचतो. मुलाचा सूर सरळ येतो, पुरुषाचा जरा घोळून. खरी मौज या फरकातच! शिवाय मुलाची ही देणगी अल्पकाळाची असते. वयात येताना आवाज फुटतो आणि शेजारी उभ्या पाहुण्यांच्या बोलण्याच्या आवाजासारखा खाली उतरतो.