गुप्त पंथातील माणसाला सत्य सांगावे कसे?



आपल्या घरातले माणूस एखाद्या गुप्त पंथाच्या नादी लागले, तर त्याला सोडविण्यासाठी आपण कोठवर जावे? त्याला खरे सांगावे, हे कोणीही म्हणेल. पण तो ऐकतच नसेल, तर खोलीत कोंडून ऐकवावे काय? जपानमधील अनेक आईबापांपुढे आणि ख्रिस्ती धर्मोपदेशकांपुढे हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहिला.

१९५४ साली दक्षिण कोरियात सन म्युंग मून याने 'युनिफिकेशन चर्च' स्थापन केले. हा पंथ बायबलचा आधार घेई, पण मूनलाच मसीहा मानी. जपानमध्ये त्याचे प्रचारक तरुणांना व्हिडिओ केंद्रात, अभ्यासवर्गात बोलावीत. पंथाचे नाव मात्र सांगत नसत. माणूस पुरता गुंतला की मग नाव उघड होई. पूर्वजांच्या पापाचे भय घालून फुलदाण्या आणि शिक्के भरमसाट किमतीला विकले जात. पितरांचा कोप सांगून कोंबडे-बकरे मागणारा भगत ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही रीत परकी वाटणार नाही. २००१ साली साप्पोरोच्या जिल्हा न्यायालयाने अशी नाव लपवून केलेली भरती बेकायदेशीर ठरविली.

घाबरलेले आईबाप ख्रिस्ती धर्मोपदेशकांकडे धावले. त्यांना बायबल ठाऊक होते. पंथाचा ग्रंथ आणि बायबल शेजारी शेजारी ठेवून ते विसंगती दाखवीत. पुष्कळांचे डोळे उघडले. हे काम चांगलेच होते. परंतु काही घरांत नातेवाइकांनी मुलाला बंद घरात ठेवले आणि उपदेशक तेथे जाऊन त्याला समजावू लागले. एक गृहस्थ १९९५ पासून २००८ पर्यंत, बारा वर्षांहून अधिक काळ, असे कोंडलेले राहिले. शरीर खंगले, श्रद्धा बदलली नाही. २०१४ साली टोकियोच्या उच्च न्यायालयाने नातेवाइकांबरोबर एका धर्मोपदेशकालाही जबाबदार धरले आणि २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला.

कोणी म्हणेल, 'विहिरीत पडणाऱ्याला ओढताना त्याची संमती विचारतात काय?' प्रश्न बिनतोड वाटतो. पण विहिरीत शरीर पडते, आणि शरीर ओढून काढता येते. मन ओढून काढता येत नाही. त्या पंथाने तरुणाची विचारशक्ती चोरली होती. कुलूप लावून ती परत मिळते काय? कोंडलेला माणूस 'पटले' म्हणाला, तर ते सत्याला म्हणाला की दाराला, हे सांगणाऱ्यालाही कळणार नाही. शिवाय 'बाहेरचे जग तुमचे वैरी आहे' ही पंथाची शिकवण आपणच खरी करून दाखवितो.

मग त्याला वाऱ्यावर सोडावे काय? मुळीच नाही. अज्ञान मूल असेल, कोणाच्या जिवाला धोका असेल, तर उघडपणे कायद्याचे साहाय्य घ्यावे. एरवी आपले नाव आणि हेतू आधी सांगावा, भय घालू नये, आणि उत्तर काहीही आले तरी घरचे ताट त्याच्यासाठी वाढलेले ठेवावे.

तथागतांनी हेच केले. निगंठांचा उपासक उपाली वाद जिंकायला आला आणि त्याला धम्म पटला. तेव्हा तथागतांनी त्याला आधी नीट विचार करावयास सांगितले. निगंठांना देत आलेली भिक्षाही चालू ठेवावयास सांगितले. आपल्या शिकवणीत त्यांनी आचार्यमुष्टी, म्हणजे मूठ झाकून राखलेले गुपित, ठेवले नाही. बाबासाहेबांनीही १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला लाखोंच्या समोर, उघड्या मैदानावर दीक्षा घेतली.

झाकलेली मूठ फक्त दुसऱ्यांच्याच धर्मात असते, असे मात्र समजू नका. जपानच्याच ओम् शिनरिक्यो पंथाने बौद्ध शब्द वापरले, गुरूला प्रश्नांच्या पलीकडे नेऊन ठेवले, आणि २० मार्च १९९५ रोजी टोकियोच्या भुयारी रेल्वेत सारिन हा विषारी वायू सोडून माणसे मारली. म्हणून पंथाची पारख नावावरून करू नका. तेथे प्रश्न विचारता येतो काय, आणि तेथून निघून जाता येते काय, हे पाहा.

आता आपल्या घराकडे वळा. सासूबाईंच्या देव्हाऱ्यातले टाक सुनेने रात्री गुपचूप उचलून नदीत टाकले, तर सासूबाई बौद्ध झाल्या काय? देव्हारा रिकामा झाला, एवढेच. मनातला देव तेथेच राहिला आणि सुनेवरचा विश्वास तेवढा गेला. त्याऐवजी त्यांच्याजवळ बसा. आपण दीक्षा का घेतली ते सांगा, त्यांचे प्रश्न ऐका. त्या आज 'नाही' म्हणाल्या, तर उद्याही चहा तितक्याच मायेने द्या. ज्याला 'नाही' म्हणण्याची मोकळीक आहे, त्याच्याच 'हो'ला मोल आहे.