कमानीखालचा बांबू

२०२० च्या मे महिन्यात दापोली तालुक्यातल्या एका गावाच्या कमानीला आडवा बांबू बांधला गेला. बांबूच्या मधोमध पुठ्ठा लटकवलेला, त्यावर लाल रंगात लिहिलेलं : 'बाहेरच्यांना सक्त बंदी'. कमान सिमेंटची, दोन बाजूंना दोन हत्ती, आणि वर गावाच्या नावाखाली ठसठशीत अक्षरं : 'सौजन्य – ग्रामस्थ मंडळ, मुंबई'. बांबू बांधताना कुणाचंच वर लक्ष गेलं नसेल असं म्हणवत नाही. त्यावर कुणी बोललं नाही, एवढं खरं.

गावाचं नाव मुद्दाम सांगत नाही. नाव सांगितलं की बाकीची गावं सुटतात.

गाव घाबरलं होतं आणि त्यात गावाचं काही चुकत नव्हतं. घरटी दोन म्हातारी माणसं, एकाला दमा, एकाला साखर. प्राथमिक आरोग्य केंद्र सात-आठ किलोमीटरवर. तिथल्या डॉक्टरांच्या हाती गोळ्या होत्या, व्हेंटिलेटर नव्हता. स्वॅब घेतला तर तो घाट चढून मिरजेला जायचा आणि अहवाल यायला दिवस मोडायचे. इकडे टीव्हीवर रोज धारावी, वरळीचे आकडे. त्याच वरळीत, लालबागात, डोंबिवलीत गावाची निम्मी माणसं. ती निघाली आहेत, कशेडी घाटात तपासणीला गाड्यांची रांग लागली आहे, असं फोनवर कळायचं आणि पोटात गोळा यायचा.

दुसरी बाजूही तितकीच खरी. दहा बाय बाराच्या खोलीत सहा जण, मजल्याला मिळून चार संडास, आणि सरकार सांगतंय अंतर राखा. हाताला काम नाही, मालक फोन उचलत नाही. अशा माणसाला गावचं घर आठवणार नाही तर काय? गणपतीला, शिमग्याला आला की तो चाकरमानी. देवळाच्या पत्र्याला, कमानीला पैसे पाठवले की तो दानशूर. आणि जीव मुठीत धरून मे महिन्यात आला की तो 'बाहेरचा'.

गावात ग्राम कृती दल होतं. सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक, आशाताई, आणि वयाने मोठे म्हणून अण्णा. अण्णा अडुसष्ट वर्षांचे. तरुणपणी परळच्या गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, तो काही मिटला नाही, आणि अण्णा एक लोखंडी ट्रंक घेऊन गावी आले ते कायमचे. मग धाकटा भाऊ मुंबईला गेला. घराची कौलं, विहिरीचा पंप, मुलीचं लग्न, सगळ्यात धाकट्याचा पैसा होता. तो बोलून दाखवायचा नाही. त्याची बायको कधीकधी दाखवायची.

२२ मेच्या पहाटे एक जीप कमानीशी थांबली. आत धाकटा, त्याची बायको, दोन मुलं. पास काढलेला, भाडं चौपट मोजलेलं. पहाऱ्यावरच्या पोरांनी बॅटरीचा झोत थेट तोंडावर मारला.

"माझं घर आहे इथं. सातबाऱ्यावर नाव आहे माझं," धाकटा म्हणाला.

"सातबारा सकाळी दाखवा, काका. आता मागं फिरा."

काका म्हणत होती आणि मागं फिरा म्हणत होती. यातला एक गणपतीत धाकट्याच्याच मोबाईलवर पिक्चर बघत बसणारा. ड्रायव्हरने सामान उतरवलं आणि जीप वळवली. चौघं आंब्याखाली पिशव्यांवर बसून राहिली. उजाडताना अण्णा आले आणि बांबूच्या अलीकडेच उभे राहिले.

"चाळीत कोण सापडला काय?"

धाकटा गप्प. बायकोने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, "आमच्याच मजल्यावरचे आजोबा, अण्णा. चौदा दिवस चाळ सील होती. परवा उघडली, म्हणून निघालो."

पोरं दोन पावलं मागे सरली. एकाने लगेच सरपंचांना फोन लावला.

बैठक पिंपळाच्या पारावर भरली. शाळेत ठेवा, असं एक मत. शाळेच्या दोन खोल्यांत आधीच अकरा माणसं होती, संडास एक, त्याला पाणी नाही. गावच्या पोरांना आपण पाच मिनिटं जिथे थांबवणार नाही, तिथे मुंबईच्या पोरांना चौदा दिवस ठेवायला सगळे राजी होते. दुसरं मत, तालुक्याला कळवा, घेऊन जाऊ दे गाडी. तिसऱ्याचं म्हणणं साधं होतं : मुंबईला परत.

अण्णा बराच वेळ ऐकत होते. मग म्हणाले, "वरच्या वाडीत तीन दिसांमागं एक पोरगा रात्रीचा पाखाडीनं आला. म्हायत हाय ना सगळ्यांना?"

सगळे जमिनीकडे बघू लागले.

"वहीत नाव हाय त्याचं?"

आशाताईंनी वही उघडलीही नाही. म्हणाल्या, "नाही."

"उद्या त्याला ताप आला तर तो सांगल? त्याची आई सांगल? बांबू दिसला की माणूस रानवाट धरतो, आणि रानवाटेनं आलेला तोंड उघडत नाय. ह्या बाईनं इचारल्याबरोबर खरं सांगितलान. तिला आपण परत पाठवली, तर पुढचा आलेला काय सांगल ते मी आत्ताच सांगतो."

"मग काय बांबू सोडायचा?" सरपंचांचा आवाज चढला.

"बांबू ऱ्हावदे. त्याच्याबाजूला खुर्ची ठेवा, वही ठेवा, पाण्याचा हंडा ठेवा. आलेल्याला आधी पाणी द्या, मग नाव इचारा. आणि हे चौघं माझ्या घरात ऱ्हातील. मी नि ही शेतावरच्या गोठ्यात जातो."

इथे पारावर एकदम गलका झाला. आजवर सगळी चर्चा आलेल्याला कुठे ठेवायचं याची होती. घरातल्याने बाहेर पडावं हे कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. अण्णांना ते सुचलं याचं कारण त्यांची आजी. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा निम्मी मुंबई ओस पडली होती, आणि पुढची वीस-पंचवीस वर्षं तो फिरून फिरून येत राहिला. उंदीर मेलेले दिसले की गाव सोडायचं, माळावर झावळ्यांच्या झोपड्या बांधून राहायचं, हे आजीने लहानपणी केलेलं. रोगापायी माणसाने जागा बदलायची असते, हे अण्णांनी तिच्याकडून ऐकलं होतं. जागा कोणी बदलायची, हे त्यांनी स्वतः ठरवलं. चार माणसांना, त्यात दोन मुलांना, बंद दाराआड राहायचं तर संडास, मोरी, विहीर आणि चूल हवी. दोन माणसांना गोठा पुरतो.

अण्णांच्या बायकोला, वहिनींना, हे पारावरून निरोपाने कळलं. त्या भडकल्या आणि त्यांनी भडकायलाच हवं होतं. "मला इचारलात काय? चाळीस वर्सं सारवलेली चूल, ती कुणाच्या हातात देऊन जाऊ?" पण बोलता बोलता हात चालू होते. चुलीतली राख उपसली. कणगीचं तोंड मोकळं ठेवलं. लोणच्याच्या दोन बरण्यांतली एक उचलली, एक ठेवली. ठेवली ती मोठी होती. देवाजवळ तेलाची बुधली आणि वाती काढून ठेवल्या. म्हैस सोडली, तिच्यामागे अण्णा, डोक्यावर अंथरुणाची वळकटी. जाताना वहिनी बांबूपलीकडे बघत जावेला ओरडून सांगून गेल्या, "उजवीकडच्या डब्यात गूळ हाय. पोरांना दे. नि दिवा चुकवू नको."

मग रस्ता मोकळा करून चौघांना घरात सोडलं. दार लावलं.

रोज सकाळी गडग्यावर दुधाची बाटली येई. रिकामी बाटली धुऊन दुसऱ्या दिवशी तिथेच. आशाताई अंगणातून ताप विचारत. दुकानदार मात्र या घरचं सामान द्यायला तयार नव्हता, सांगून पाहिलं, दटावून पाहिलं. शेवटी पोलीस पाटील स्वतःच्या नावावर आणून देत. सगळं गाव एका रात्रीत शहाणं झालं असं लिहिलं तर ते खोटं होईल.

पाचव्या दिवशी रात्री धाकट्याच्या बायकोला ताप भरला. फोन आशाताईंना गेला, तोही तापाच्या पहिल्या तासात. सकाळी रुग्णवाहिका आली. गाव खिडक्यांच्या फटीतून बघत होतं. स्वॅब मिरजेला गेला, चार दिवसांनी निरोप आला : निगेटिव्ह. साधा ताप होता. वरच्या वाडीतल्या पाखाडीने आलेल्या पोराची आईही त्यानंतर दोन दिवसांनी आपल्या पायांनी आशाताईंकडे गेली आणि म्हणाली, "माझ्या पोराचं पण नाव लिहा." हे कुणी तिला शिकवलं नव्हतं.

३ जूनला निसर्ग वादळ आलं. दापोली-मंडणगडचं त्या दिवशी काय झालं ते वेगळं सांगायला नको. पोफळीच्या बागा झोपल्या, विजेचे खांब काड्यांसारखे पडले. गोठ्याचं छप्पर दुपारीच उडालं. अण्णा-वहिनी भिजत वर आले तेव्हा धाकटा अंगणात येऊन ओरडत होता, "आत या! अहो, आत या आता!" अण्णांनी हाताने 'मागे हो' अशी खूण केली आणि शेजारच्या पडवीत जाऊन बसले. चौदा दिवसांना दोन दिवस बाकी होते. वादळातही दिवस मोजावेत का, यावर आजही वाडीत दोन तट आहेत. मला विचाराल तर अण्णांनी त्या दिवशी ताणलं. पण ज्याने नियम सांगितला त्यानेच तो असा पाळल्यावर नंतर कुणाला सवलत मागायचं तोंड राहिलं नाही, हेही मान्य करावं लागतं.

जूनमध्ये धाकटा शेतात उतरला. कैक वर्षं पडीक असलेला खालचा मळा त्याने आणि मुलांनी मिळून लावला. आवण सरळ आलं नाही म्हणून वहिनी हसल्या, जाऊबाई रुसल्या, नेहमीचं सुरू झालं. मुंबईतलं काम गेलं होतं. दुकानदारही जुलैत बोलायला लागला.

गोष्ट इथे संपली असती तर बरं वाटलं असतं. पण २२ ऑगस्टला गणेश चतुर्थी होती. सरकारने सांगितलं, चाकरमान्यांनी १२ ऑगस्टच्या आत गावी पोहोचावं आणि दहा दिवस वेगळं राहावं. त्यानंतर येणाऱ्याने चाचणी करून यावं. गावोगाव ठरावांवर ठराव होऊ लागले. देवळाच्या सभामंडपात बैठक बसली आणि पहिला उभा राहिला तो धाकटा.

"मंडळाला कळवून टाका, या वर्षी कुणी येऊ नका. आपल्याकडे म्हातारी माणसं आहेत. मुंबईची परिस्थिती मला विचारा. ही माणसं ऐकणारी नाहीत."

तो खोटं बोलत नव्हता. म्हाताऱ्यांची काळजीही त्याला मनापासून होती. पण दादरला लोकलच्या दारात लटकताना 'अहो, आत सरा, जागा आहे' म्हणून ओरडणारा माणूस, आत शिरला की परळ यायच्या आधी 'जागा नाही, मागची गाडी बघा' म्हणू लागतो, तो प्रवास त्याने तीन महिन्यांत पुरा केला होता. गिरणीत काम केलेल्या अण्णांना हे ओळखायला वेळ लागला नाही. ते बसल्या जागेवरूनच म्हणाले, "मधल्या घरचा चुलतभाऊ येतोय दहा तारखेला. बायको, पोरगी नि म्हातारी. म्हातारीला वरच्या खोलीत ठेवून चालणार नाय."

"मग?"

"गोठ्याला पत्रे तूच घातलेस ना नवीन? गळत नाय ना?"

मंडपात कुणीतरी खोकलं. त्या दिवसांत खोकल्याला सगळे दचकत. या खोकल्याला हसले. धाकटा उभाच होता. त्याच्या बायकोने बायकांच्या बाजूने आवाज दिला, "गळत नाही, अण्णा. आणि मोठी बरणी मी चुलतजावेला ठेवते."

नऊ तारखेला धाकट्याने वळकटी उचलली. चुलतभावाला आपलं घर दिलं, मुलांना घेऊन अण्णा-वहिनी मधल्या घरात गेले, आणि नवरा-बायको दहा दिवस गोठ्यात राहिली. त्यांचं बघून आणखी तीन घरांनी तसंच केलं. दोन घरांनी केलं नाही, त्यांच्याकडची माणसं शाळेत राहिली. तोवर शाळेच्या संडासाला पाणी आलं होतं, त्याचे पैसे मुंबईच्या मंडळाने पाठवले होते.

बारा ऑगस्टपर्यंत गावात आलेल्या प्रत्येकाचं नाव आशाताईंच्या वहीत होतं. त्या खेपेला पाखाडीने कुणी आलं नाही.