गोविंदाचे देणे

लक्ष्मीपूजनाला आमच्या घरी अजूनही वहीची पूजा होते. दुकान केव्हाच मोडले. वडिलांची रीत तेवढी राहिली. पण मीही मनातल्या मनात एक वही बरीच वर्षे चालवीत होतो. तिच्यात नावे टाकलेल्या होत्या रोजच्या दहा सिगारेटी, आणि जमेस धरलेली होती पुतण्याने परदेशाहून आणून दिलेली एक गोळी. ती ‘अँटिऑक्सिडंट’ गोळी सकाळी घेतली की दिवसभराच्या धुराचा हिशेब चुकता झाला, असे मला खुशाल वाटे.

या हिशेबाला शास्त्राचा आधार नव्हता असे नाही. प्राणवायूच्या साहाय्याने शरीर अन्नाचे ज्वलन करते, तेव्हा काही उच्छृंखल कण निर्माण होतात व ते पेशींना इजा करतात. वार्धक्याचे मूळ याच कणांत असावे, असे डेनम हार्मन यांनी १९५६ साली मांडले. भाजीपाला व फळे भरपूर खाणाऱ्यांत कर्करोग कमी दिसे. मग त्यांतले गुणकारी द्रव्य काढून गोळीत भरले तर?

फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर हा प्रयोग झाला. त्यांतील काहींना गाजराला रंग देणारे बीटा-कॅरोटिन वर्षानुवर्षे रोज दिले. १९९४ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ते घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक! अमेरिकेतला असाच प्रयोग जानेवारी १९९६ मध्ये मुदतीपूर्वीच थांबवावा लागला. संशोधकांची आशा उलटी होती. तरी त्यांनी आकडा लपविला नाही. वही लिहावी ती अशी.

पुढे कळले की ते कण केवळ वैरी नव्हेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्यांच्याच बळावर जंतू मारतात. २००९ सालच्या एका प्रयोगात तर क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्यांनी व्यायामाचा काही लाभच अडविला; शरीराला सावध करणारी थोडी झीजच त्यांनी पुसून टाकली असावी.

मला मात्र प्रश्न पडला तो निराळाच. एका दोषाची फेड दुसरीकडच्या गुणाने होते काय? वर्षभर मोलकरणीचा पगार कापायचा आणि दिवाळीत देवळाला देणगी द्यायची. घरात तोंड टाकायचे आणि पाडव्याला भारी लुगडे आणायचे. जमेची बाजू खोटी नसते. देणगी खरीच असते, लुगडेही खरेच असते. मग भरपाईला अर्थच नाही, असे म्हणावे काय? तसे नव्हे. वडील सांगत, गोविंदाचे देणे रामाला दिले तर राम खूश होईल. गोविंदाचे खाते तसेच उघडे राहील. मोलकरणीची भरपाई पगारानेच होते, आणि घरातल्या माणसाची गोड शब्दाने.

माझ्या गोळीने फुप्फुसाचे काय केले, ते मला ठाऊक नाही. तिने मला सिगारेट ओढण्याची परवानगी दिली, एवढे मात्र पक्के ठाऊक आहे. यंदा बाटली फडताळात बंद आहे. दहाच्या चार झाल्या आहेत. हे जमेस धरण्याचा मोह होतो. पण नाही, ते चार अजून नावेच आहेत.