पाडलेल्या घराचे दगड

जुन्या गोव्यातील आदिलशहाच्या वाड्यात पोर्तुगीजांनी इन्क्विझिशनचे न्यायासन मांडले. ते १८१२ साली उठले. पुढे वाडा पाडून त्याचे दगड पणजीच्या बांधकामास नेण्यात आले. ज्या भिंतींनी छळ पाहिला, त्यांच्या दगडांस दोष चिकटतो काय? आम्हांस तसे वाटत नाही. चिरा निरपराध, गवंड्याला हे शास्त्र न शिकताही ठाऊक असते. मग खाजनात रातोरात ओतलेल्या राडारोड्याचा दोष कोणाचा? सिमेंटने जखडलेला चिरा फुटूनच निघतो, हे खरे. तथापि तो निवडून वेगळा ठेवण्याचा भार २०१६ च्या नियमांनी पाडणाऱ्यावरच घातला. परवा अशा एका ढिगात तुळशीवृंदावन निघाले. कोणी तरी ते उचलून बांधावर हलकेच ठेवले होते. ढीग शेतातच होता.