सन्मान कोणाच्या हातून घ्यायचा?



गेल्या गुरुवारी आरती झाली, प्रसाद वाटून झाला आणि नेहमीप्रमाणे आम्ही पाच-सहा जण चहा घेत बसलो होतो. तेवढ्यात आपल्या एक गुरुभगिनी जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "काका, सगळे बसलाच आहात तर एक विचारू का?"

त्यांचा नातू अठरा वर्षांचा. चारशे मीटर धावतो. निवड चाचणी महिन्यावर आलेली. सकाळी त्याच्या बॅगेत डबा ठेवायला गेल्या, तर आत एक छोटी बाटली आणि सुई. जिममध्ये कोणीतरी दिलेली. मुलगा म्हणाला, "आजी, अजून घेतलं नाहीये. पण तिथे सगळे म्हणतात, भैया, सब लेते हैं, तू ही पीछे रह जाएगा."

झालं! चहा तसाच राहिला आणि वाद सुरू झाला. एक जण म्हणाले, "असं औषध एकदा जरी घेतलं तरी त्या खेळाडूचं नाव कायमचं पुसून टाकावं. कसला सन्मान आणि कसलं काय!" दुसरे म्हणाले, "अहो, खोकल्याच्या औषधानेसुद्धा पोरं अडकतात. त्यांनाही फासावर चढवणार का?" नातू दाराशीच उभा होता. तो शांतपणे म्हणाला, "आजोबा, आणि मी पकडलोच गेलो नाही तर? मेडल तर माझंच ना?"

खरं सांगतो, त्या क्षणी आमच्यापैकी कोणालाच उत्तर देता आले नाही. आठवडाभर विचार केला, त्यातून हा लेख झाला.

खोकल्याच्या औषधाची गोष्ट आपल्या इंदूरशीच जोडलेली आहे, बरं का. 22 फेब्रुवारी 2019. सय्यद मुश्ताक अली करंडकाचे सामने इथे चालू होते. मुंबईचा पृथ्वी शॉ तेव्हा एकोणीस वर्षांचा. आदल्याच वर्षी त्याच्या कप्तानीत भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला होता आणि पहिल्याच कसोटीत त्याने राजकोटला शतक ठोकले होते. त्या दिवशी इंदूरमध्ये त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला आणि त्यात टर्ब्युटालीन सापडले. हे औषध श्वासनलिका मोकळी करते आणि खोकल्याच्या काही सिरपमध्ये असते. पण खेळाडूंसाठी ते बंदीच्या यादीत आहे. श्वसनाच्या त्रासासाठी नकळत घेतले गेले, हे त्याचे म्हणणे क्रिकेट मंडळाने मान्य केले. तरीही शिक्षा झाली, आठ महिन्यांची. जाहीर झाली 30 जुलैला, पण मोजली गेली 16 मार्चपासून. मधल्या काळात तो आयपीएल खेळूनही मोकळा झाला होता. कोणी म्हणाले, बिचाऱ्यावर अन्याय. कोणी म्हणाले, ही कसली शिक्षा!

आता प्रश्न असा, की मनात पाप नव्हते तर शिक्षा का?

आम्हाला वाटते, नियम करणाऱ्यांनी समोरच्या खेळाडूचा विचार केला आहे. औषध जाणूनबुजून घेतले की चुकून, समोर खेळणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? त्याला तर सारख्या जमिनीवर सामना हवा असतो. म्हणून जगभर नियम एकच आहे: शरीरात जे सापडेल त्याची जबाबदारी त्या खेळाडूची. आजारी असाल तर आधी परवानगी मागण्याची सोय आहे. ती न मागता घेतले, तर 'मला माहीत नव्हते' एवढे म्हणून सुटता येत नाही. घरात आपणही हेच शिकवतो ना? दुसऱ्याच्या ताटातले चुकून खाल्ले तरी आधी 'चुकलो' म्हणायचे.

एका ताईंनी विचारले होते, की मग दूध-बदाम, च्यवनप्राश हेही शक्तीसाठीच, ते का चालते? याचे उत्तर 'वाडा' या जागतिक संस्थेने दिले आहे. तिच्या तीन कसोट्या आहेत. त्या पदार्थाने खेळात वरचढपणा मिळतो का? शरीराला धोका आहे का? खेळाच्या मूळ भावनेला तो सोडून आहे का? तीनपैकी दोन लागू पडल्या, की तो पदार्थ बंदीच्या यादीत जाऊ शकतो. बदामाला भिण्याचे कारण नाही. पण स्नायू फुगवणारी स्टेरॉइडची इंजेक्शने यकृत आणि हृदय दोन्हींवर घाला घालतात. त्या बाटलीवर हे कोणी ठळक अक्षरांत लिहीत नाही.

म्हणजे शिक्षेचे गणित तसे सरळ आहे. अवघड आहे ते सन्मानाचे. शिक्षा भोगून झाली, आता त्या माणसाला मानाच्या पाटावर बसवायचे की नाही?

मुष्टियोद्धा अमित पंघाल याचे उदाहरण घ्या. 2012 साली, अगदी लहान वयात, तो चाचणीत अडकला. कांजिण्या झाल्या होत्या, डॉक्टरांच्या औषधातून ते आले, असे त्याचे म्हणणे. एक वर्षाची बंदी त्याने भोगली. पुढे 2018 च्या जकार्ता एशियाडमध्ये ऑलिंपिक विजेत्याला हरवून सुवर्णपदक आणले. अर्जुन पुरस्कारासाठी नाव गेले, पण तेव्हाचा नियम असा, की उत्तेजकाचा डाग असेल तर विचारच करायचा नाही. 2019 मध्ये जागतिक स्पर्धेत रौप्य आणले, तरी तेच. पुढे नियम मवाळ झाला, आणि 2022 चा अर्जुन पुरस्कार त्याला मिळाला. म्हणजे चुकीनंतर दहा वर्षे! ही दहा वर्षे तो रुसून बसला नाही, रिंगणात ठोसे खात आणि देत राहिला. त्याला मिळाले ते योग्यच झाले असे आम्हाला वाटते. शिक्षा संपल्यावरही दार बंदच ठेवणे, म्हणजे एकाच चुकीचे दोनदा पैसे घेणे झाले.

मग सगळ्यांनाच दार उघडायचे का? इथे थोडे सातासमुद्रापार जाऊ.

अमेरिकेत बेसबॉल हा खेळ आहे, क्रिकेटचा चुलतभाऊ म्हणा. तिथे थोर खेळाडूंसाठी 'हॉल ऑफ फेम' नावाचे मानाचे दालन आहे. खेळावर लिहिणारे पत्रकार मते देतात, शंभरात पंचाहत्तर मिळाली तर नाव लागते. बॅरी बाँड्स या खेळाडूच्या नावावर 762 होमरन आहेत, तो विक्रम आजही कोणी मोडलेला नाही. पण त्याच्यावर स्टेरॉइडची दाट सावली आहे, आणि जाणूनबुजून घेतल्याचे त्याने कधीच मान्य केले नाही. दहा वर्षे त्याचे नाव मतदानात राहिले. 2022 ही शेवटची संधी. मते पडली शंभरात 66. दार उघडले नाही. दुसरा मार्क मॅग्वायर. त्याने 1998 मध्ये एका हंगामात 70 होमरन मारून सारा देश वेडा केला होता. त्याने 2010 मध्ये उघडपणे कबूल केले, की हो, मी स्टेरॉइड घेतली. त्यालाही दार उघडले नाही.

इथे आम्ही बराच वेळ अडखळलो. न मानणारा बाहेर, हे समजू शकते. पण कबूल करणारा बाहेर का? प्रामाणिकपणाला काही किंमत नाही का? मग एक गोष्ट ध्यानात आली. मॅग्वायरची कबुली आली तेव्हा त्याचा खेळ संपून आठ-नऊ वर्षे झाली होती. ज्यांना मागे टाकून टाळ्या घेतल्या, त्यांच्याशी पुन्हा स्वच्छ शरीराने खेळण्याची वेळच उरली नव्हती. कबुलीने मन हलके होते, पण दुसऱ्याचे गेलेले परत येत नाही.

ते कसे जाते, ते आपल्या अंजू बॉबी जॉर्जना विचारा. 2005 साली मोनॅकोच्या स्पर्धेत लांब उडीत त्या दुसऱ्या आल्या. पहिली आलेली रशियाची खेळाडू पुढे उत्तेजकात दोषी ठरली आणि सुवर्णपदक अंजूंच्या नावे झाले, 2014 मध्ये. नऊ वर्षांनी! पदक मिळाले, पण त्या दिवशीची ती सर्वांत वरची पायरी, तो क्षण कुठून परत आणणार? चर्चा नेहमी औषध घेणाऱ्याची होते. जिचा क्षण चोरीला गेला, तिची आठवण कोणाला येते?

आता आपल्या घरच्या गोष्टीकडे येऊ. आपले मध्य प्रदेश सरकार खेळांसाठी जे पुरस्कार देते, त्यांत लहान खेळाडूंना एकलव्य, मोठ्यांना विक्रम आणि प्रशिक्षकांना विश्वामित्र पुरस्कार असतो. प्रशिक्षकांच्या पुरस्काराला विश्वामित्रांचेच नाव का? रामाचे गुरू म्हणून असेल. पण त्यांचे चरित्र पाहा. राजा असताना त्यांनी वसिष्ठांची गाय बळाने ओढून न्यायला पाहिली आणि हरले. मग तपाला बसले. मेनकेपायी वर्षे गेली. पुन्हा बसले. रागाच्या भरात रंभेला शाप दिला, सारे तप पाण्यात. दर वेळी शून्यावर येत होते, आणि दर वेळी दिशा बदलून नव्याने बसत होते. 'आधी इतके तप केले आहे, त्याचे निम्मे तरी धरा' असे त्यांनी म्हटले नाही.

शेवटी ब्रह्मदेव म्हणाले, तू ब्रह्मर्षी झालास. सन्मान साक्षात ब्रह्मदेवाच्या हातून! दुसरा कोणी असता तर हुरळून गेला असता. विश्वामित्र म्हणाले, वसिष्ठांनी म्हणावे. ज्यांच्याशी जन्मभर स्पर्धा केली, ज्यांचे हिसकावून घ्यायला निघालो होतो, त्यांनी म्हटले तरच ते खरे. आणि वसिष्ठ आले, म्हणाले.

मंडळी, आम्हाला आमचे उत्तर इथे मिळाले. सन्मान सरकार देते, मंडळ देते, पत्रकार देतात. पण तो पक्का होतो प्रतिस्पर्ध्याच्या तोंडून. ज्याला तू हरवलेस, तो तुझी सगळी गोष्ट कळल्यावरही तुला हात जोडेल का? जोडणार असेल तर मागच्या चुकीसह तू मानाला पात्र आहेस. नसेल, तर भिंतीवरच्या नावाला अर्थ नाही. ज्यांची चूक नकळत झाली त्यांच्यासाठी वाट मोकळी आहे. ज्यांनी जाणून केली त्यांच्यासाठीही आहे, पण लबाडीचे सगळे परत करून, शून्यापासून.

आणि त्या मुलाचा प्रश्न, 'पकडलो गेलो नाही तर?' बाळा, तर तुझी अवस्था सगळ्यांत वाईट. जो पकडला गेला त्याला शिक्षा मिळते, शिक्षा संपते, पंघालसारखा तो पुन्हा उभा राहतो. तुला कोणी शिक्षाच देणार नाही, मग माफ तरी कोण करणार? आयुष्यभर आजी ते मेडल पाहुण्यांना दाखवेल, आणि तू नजर दुसरीकडे वळवशील.

काल आम्ही हे त्याला त्याच्या घरी जाऊन सांगितले. तो बराच वेळ गप्प बसला. मग म्हणाला, "आणि बाकीचे घेऊन पुढे गेले तर?" आम्ही म्हणालो, "जातील कदाचित. खोटं कशाला सांगू?" त्याने बाटली आणून आजीच्या हातात दिली. चाचणी अजून व्हायची आहे. तो कितवा येईल, माहीत नाही.

ज्यांच्या घरी खेळणारी मुले आहेत त्यांच्यासाठी चार गोष्टी. डॉक्टरांकडे गेलात की आधी सांगा, 'मुलगा स्पर्धेत खेळतो.' घरातल्या डब्यातले जुने सिरप आपल्या मनाने देऊ नका. जिममधली पावडर, बिननावाची पुडी, कोणी सुचवलेला 'शक्तीचा' काढा, यांत काय मिसळलेले असते ते डब्यावर लिहिलेले नसू शकते. आणि मैदानावरून पोर घरी आले, की पहिला प्रश्न 'कितवा आलास?' हा विचारू नका. ती बाटली बॅगेत शिरते ना, तिला वाट या प्रश्नातूनच मिळते.

जाता जाता. बंदी संपल्यावर नोव्हेंबर 2019 मध्ये पृथ्वी शॉ मैदानात परतला तो त्याच मुश्ताक अली करंडकात, आणि पहिल्याच सामन्यात त्याने 63 धावा केल्या. ज्यांच्या नावाचा तो करंडक, ते मुश्ताक अली आपल्या इंदूरचे. 1936 मध्ये मँचेस्टरला त्यांनी 112 धावा केल्या, परदेशात कसोटी शतक करणारे ते पहिले भारतीय. जिथे ठेच लागली, त्याच दारातून आत येणे हेही एक तपच आहे.

येत्या गुरुवारी मुलांना सोबत आणा. या वेळी प्रश्न त्यांना विचारू द्या, आपण ऐकू.

श्रीगुरुचरणी अर्पण 🙏